पाठलाग करणाऱ्याची बहीण

भाऊ घरी राहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ताईंनी लेकीच्या खोलीला आतून नवी कडी बसवून घेतली. सुतार म्हणाला, "जुनी चांगली आहे की." ताई म्हणाल्या, "असू दे. दुसरीही लाव." लेक भिंतीला टेकून बघत होती. सुतार गेल्यावर तिने कडी दोनदा ओढून पाहिली. ते पाहून ताईंच्या मनात आलं, ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यासाठी ही कडी.

ताईंचं कपडे धुण्याचं, ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे मशीन आणि वाफेची इस्त्री, वर दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यापासून दुकान त्या एकट्या सांभाळायच्या. कोटावरचा डाग कशाचा हे त्या वासावरून सांगत आणि गिऱ्हाईक खोटं बोललं तर गालात हसत. "शाईचा म्हणताय ना? बरं, शाईचा." एवढंच. माणूस पारखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं त्यांना वाटायचं. फक्त स्वतःच्या भावाच्या बाबतीत त्यांची पारख पार आंधळी निघाली.

भाऊ त्यांच्याहून बराच लहान. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तो शाळेत होता. ताईंनीच त्याला शिकवलं, आणि तो लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामाला लागला. अबोल, कामाला चोख. एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली आणि आत एक मुलगी होती. ती त्याच इमारतीत राहायची आणि एका औषधांच्या दुकानात काम करायची. भावाने दार उघडून तिला हात देऊन बाहेर काढलं. ती घामाघूम झाली होती. म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून. नाहीतर माझं काय झालं असतं."

कोणीही म्हणेल असं वाक्य. पण भावाने त्या वाक्यावर बंगला बांधला. तो रोज तिच्या दुकानात जाऊन खोकल्याच्या गोळ्या घ्यायला लागला. ती सुटली की समोरच्या फुटपाथवर उभा. ती बसमध्ये चढली की हा मागच्या दाराने. तिने तोंडावर सांगितलं, "मला हे आवडत नाही. येऊ नका." तेही त्याने ताईंना जवळजवळ आनंदाने सांगितलं, "आज बोलली माझ्याशी."

आणि ताई? ताई तेव्हा हसल्या होत्या. सगळी गल्लीच हसत होती. समोरचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच म्हणायचे, "अहो, पाणी रोज पडलं तर दगडसुद्धा झिजतो. पोरगी आज नाही म्हणेल, उद्या नाही म्हणेल, परवा पत्रिका छापाल." इस्त्रीला कपडे टाकणाऱ्या बायका भावाला म्हणत, "असा जीव लावणारा माणूस आम्हाला का नाही मिळाला!" ताईंना तर भावाचा अभिमानच वाटला. एका दुपारी त्या स्वतः औषधांच्या दुकानात गेल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा आहे हो. एकदा चहा प्यायला काय हरकत आहे?"

मुलगी गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापत होती. तिने कात्री खाली ठेवली आणि आत निघून गेली. ताईंना वाटलं, लाजली.

घरात वेगळं बोलणारी एकटी लेक होती. ती कॉलेजात होती. जेवताना म्हणाली, "आई, मामा तिचा पाठलाग करतोय. याला प्रेम नाही म्हणत."

"तुला काय कळतंय. शिंगं फुटली नाहीत तोवर शहाणपण."

"ती नाही म्हणाली ना? मग संपलं. यात कळायचं काय आहे?"

ताईंनी विषय बदलला.

पुढे फोन सुरू झाले. तिने त्याचा नंबर बंद केला तर दुसऱ्या नंबरावरून. दारात फुलं, मग तिच्या वाढदिवसाला घड्याळ, आणि तो वाढदिवस तिने त्याला कधी सांगितलाच नव्हता. आणि मग ते घडलं, ज्यामुळे सगळं उघडकीला आलं. एका संध्याकाळी ती घरी परतत असताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत दिवा गेला. ती ओरडत राहिली. थोड्या वेळाने दार उघडलं आणि बाहेर हात पुढे करून भाऊ उभा. त्याची त्या दिवशी त्या इमारतीत पाळीच नव्हती. लिफ्ट त्यानेच बंद पाडली होती. तिला पुन्हा एकदा वाचवायला.

तिने त्याचा हात धरला नाही. ती किंचाळली, शेजारी धावले, पोलीस आले.

कोर्टाने त्याला काही महिन्यांची कैद दिली. सुटल्यावर वर्षभर उपचार सक्तीचे. शिवाय हुकूम होता की त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, स्वतः नाही की दुसऱ्याकरवीही नाही.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तशी गल्ली फिरली. काल "जीव लावणारा" म्हणणारी तोंडं आज "विकृत" म्हणू लागली. घड्याळजी म्हणाले, "मला पहिल्यापासून त्याच्या डोळ्यात काहीतरी दिसत होतं." ताईंच्या ओठांवर आलं होतं की भिंग लावून तुम्हाला दगड झिजताना दिसत होता, पण त्या गप्प बसल्या. उपचारांचं कळल्यावर तर लोकांना हसू आवरेना. "म्हणजे सरकार आता याला गाद्यागिरद्यांवर बसवून गप्पा मारणार? हाडं मोकळी करा, एका दिवसात बरा होईल." दुसरा म्हणे, "सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही." आधी सगळ्यांना तो प्रेमवीर वाटत होता, मग राक्षस. मधल्या वाटेवर कोणी थांबलंच नाही.

ताई मात्र त्या मधल्या वाटेवरच अडकल्या. भाऊ घरी आला. बारीक झाला होता. बाहेरच्या खोलीत गादी घातली. त्याला इमारतींमधलं काम आता मिळणार नव्हतं, पण एका वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटरी दुरुस्त करायचं काम मिळालं. आठवड्यातून दोनदा तो इस्पितळाच्या मागच्या बैठ्या इमारतीत उपचारांना जायचा. कधी एकट्याची भेट, कधी आठ-दहा जणांचा गट. तिथल्या उपचार करणाऱ्या बाईंना तो मॅडम म्हणायचा.

आणि ताई त्याच्यावर पहारा द्यायला लागल्या. तो अंघोळीला गेला की फोन उघडून बघ. पाच मिनिटं उशीर झाला की खिडकीत. तो हसला की, का हसला? तो गप्प बसला की, काय शिजतंय? एकदा तो कॅलेंडरकडे नुसता बघत बसला, तर ताईंनी त्या मुलीचा वाढदिवस जवळ आलाय का ते आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही, कारण त्यांना तो कधी माहीतच नव्हता. तरी रात्रभर झोप नाही.

भाऊ आपणहून थोडंफार सांगायचा. ताई इस्त्री करत असायच्या, तो हँगर पुढे करायचा.

"आज मॅडमनी विचारलं, पहिल्यांदा लिफ्टमधून बाहेर काढलंस तेव्हा तिचा चेहरा कसा होता."

"मग?"

"मी नेहमीसारखं म्हटलं, हसत होती. मॅडम म्हणाल्या, पुन्हा आठव. घाई नाही." त्याने दुसरा हँगर उचलला. "ती हसत नव्हती, ताई. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. जिन्याकडे बघत होती. कधी एकदा तिथून जाते असं झालं होतं तिला."

ताईंनी इस्त्रीचं पायाशी असलेलं पेडल दाबलं, वाफ वर आली. त्यांना वाटलं, किती छान बोलतोय. आणि लगेच वाटलं, पोपटासारखं पाठ केलंय. बाईंना हवं ते बोलायला शिकला असेल. हुशार तर तो आहेच, नाहीतर लिफ्ट बरोबर ती आत असतानाच बंद पाडली असती का?

"दुसऱ्या वेळी कसा होता चेहरा?" त्यांनी विचारलं.

भावाने हँगर टेबलावर ठेवला. "ते अजून बोलता येत नाही मला." आणि वर निघून गेला.

हे खरं की नाटक, ताईंना ठरवता येईना. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटत नाही, पण मी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये चढणार नाही."

खिसे तपासल्याशिवाय ताई कुठलाच कपडा मशीनमध्ये टाकत नसत. धंद्याची सवय. एका सकाळी भावाच्या कामाच्या पँटच्या खिशात हात घातला तर खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. अर्धं संपलेलं. तोच लाल रंग, तोच वास. त्या तशाच मशीनला टेकल्या. याच गोळ्यांचा त्या वेळी घरात ढीग साठला होता. खोकला तर त्याला कधीच नव्हता.

त्याला विचारायचं? तो काय, नाहीच म्हणणार. बाईंना फोन करायचा? त्या भावाचीच बाजू घेतील. पोलिसांत जायचं? पाठच्या भावाला? दुपारपर्यंत ताईंच्या डोक्यात राईचा पर्वत झाला, आणि तो पर्वत घेऊन त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि बस पकडली. लांबून बघू. तो तिथे दिसतो का तेवढं बघू. एवढंच ठरवलं होतं.

औषधांच्या दुकानासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. त्याच फुटपाथवर. भाऊ दिसला नाही. ती मुलगी काउंटरमागे होती. केस कापले होते तिने. दुकानात आता आतल्या बाजूने काचेची भिंत होती आणि पैसे-औषधं द्यायला खाली एक फट. गिऱ्हाईक गेलं, तशा ताई रस्ता ओलांडून आत गेल्या. मन थाऱ्यावर नव्हतं.

मुलीने वर पाहिलं आणि त्यांना ओळखलं. तिने पहिल्यांदा ताईंच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"मी एकटीच आहे," ताई घाईने म्हणाल्या. "घाबरू नको. मला फक्त एक सांग. तो इथे येतो का? पुन्हा त्रास देतो का तुला? गोळ्या घ्यायला आला होता का?"

"नाही."

"नक्की? तू घाबरून नाही म्हणत असशील तर..."

"तो आला नाही," मुलगी म्हणाली. शब्द सुटे, स्पष्ट होते. "तुम्ही आलात. मागच्या वेळीही तुम्हीच आला होतात. चहा प्यायला काय हरकत आहे, म्हणाला होतात. तेव्हापासून मला दुकानात आलेली प्रत्येक बाई त्याने पाठवलीय असं वाटायचं. आता कुठे ते वाटणं कमी झालं होतं."

"मी तुझ्याच भल्यासाठी..."

"मागच्या वेळीही माझंच भलं होतं. तो सुधारतोय की बिघडतोय, ते मला कळवू नका. मला ते माहीत असायची गरज नाही. तुम्ही जा."

ताईंना क्षमा मागायची होती. त्यासाठी त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या, तशी मुलगी मागे सरकली आणि तिने फोन उचलला. मग ताई निघाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोर्टाच्या हुकुमात दुसऱ्याकरवीही नाही असं लिहिलेलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत पोलिसांनी भावाला वर्कशॉपमधून उचललं. बहिणीला पाठवून मुलीला धमकावलं असा संशय. ताई धावत पोलीस ठाण्यात गेल्या. बाकावर भाऊ बसला होता, हातावर मोटरीचं काळं तेल तसंच. ताई अधिकाऱ्याला म्हणाल्या, "त्याने नाही पाठवलं. त्याला माहीतसुद्धा नाही. मी माझ्या मनाने गेले."

अधिकारी म्हणाला, "सगळ्याच बहिणी असं म्हणतात."

"मी त्याच्या बाजूने गेले नव्हते. मला त्याचाच संशय आला म्हणून गेले होते."

हे ऐकून भावाने मान वर केली. ताईंना पुढचं सगळं त्याच्यासमोर सांगावं लागलं. खिसा, गोळ्या, रोज उघडलेला फोन, खिडकी, लेकीच्या खोलीची कडी. अधिकारी लिहीत होता. भाऊ मध्ये फक्त एकदाच बोलला.

"त्या गोळ्या गटातला एक म्हातारा वाटतो. सगळ्यांना. सोडून गेलेल्या बायकोच्या मागे तो वर्षानुवर्षं फिरला. बोलायला लागला की त्याचा घसा सुकतो. मॅडमना विचारा."

बाईंना फोन गेला, मुलीचाही जबाब झाला. ती खरं तेच बोलली, धमकी नव्हती, बहीण तो येतो का एवढंच विचारत होती असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी भावाला सोडलं आणि ताईंना लेखी ताकीद मिळाली. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलात तर तुमच्यावरही गुन्हा.

गल्लीला यातलं अर्धंच कळलं, आणि जे कळलं ते उलटं. "म्हटलं नव्हतं? पुन्हा गेलाच शेवटी. कुत्र्याचं शेपूट!" घड्याळजींनी तर दुकानात येऊन सांत्वन केलं. "ताई, तुमचा काय दोष. रक्तच तसं, एकेकाचं." या वेळी ताईंनी कोट झटकत सांगितलं, "तो नव्हता गेला, मी गेले होते." घड्याळजींना ते ऐकू आलंच नाही. किंवा त्यांना ते नको होतं.

भाऊ घरी आला, पण बोलेना. ताटावर बसायचा, उठायचा. ताईंना आता खरी भीती वाटायला लागली. आपण त्याच्या मनातलं काहीतरी परत उकरून काढलं असलं तर? त्यांनी बाईंची वेळ मागितली.

बाई ताईंपेक्षा तरुण निघाल्या. टेबलामागे न बसता समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला एकच सांगा," ताई म्हणाल्या. "तो बरा झालाय का?"

"मी हो म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल?"

ताईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"काही जण उपचारांनंतर पुन्हा तेच करतात. बरेच जण नाही करत. हा कुठल्यात, ते आज ठामपणे सांगितलं तर मी खोटं बोलेन. तो मेहनत घेतोय, एवढं मला दिसतं."

"लोक म्हणतात नुसत्या गप्पा मारून काय होतं."

"लोकांना यावं वाटलं तर त्यांनी यावं. तिथे बसून, मी एका माणसाला घाबरवलं आणि मला ते गोड वाटलं, असं दहा जणांसमोर म्हणून दाखवावं. मोठमोठ्यांचा घाम निघतो." बाई थोडं हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुम्ही संशय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घ्या. पण चोरून नको. त्याच्या पाठीमागे फिरून, फोन उघडून, खिडकीतून नको. समोर बसून विचारा. उत्तर आवडलं नाही तर मला फोन करा. आणि त्या मुलीला तुमच्या संशयातून मोकळं ठेवा. तिने तिच्या वाटचं पुरेसं भोगलंय."

ताईंना ते लागलं. बस येईपर्यंत त्या थांब्यावर तोंड फिरवून उभ्या होत्या.

त्या आठवड्यातच भावाने वर्कशॉपजवळ एक खोली घेतली. ताईंनी अडवलं नाही. लेक सामान बांधायला पुढे आली आणि तिने मामाच्या शर्टांच्या घड्या घातल्या. जाताना तो म्हणाला, "ताई, तू पोलिसांसमोर बोललीस ते बरं झालं. मला वाटत होतं, निदान तू तरी विश्वास ठेवतेस. तू ठेवत नव्हतीस, हे कळलं ते बरंच."

"मग आता?"

"आता तू विचारत जा. मी सांगत जाईन."

तसं ठरलं. रविवारी दुपारी तो जेवायला यायचा. जेवण झालं, लेक आतल्या खोलीत गेली, की ताई समोर बसून विचारायच्या, "या आठवड्यात तिच्या बाजूला गेला होतास?" पहिल्यांदा विचारताना त्यांची जीभ अडखळली. तो म्हणायचा, "नाही." त्या त्याच्या डोळ्यांत बघायच्या, आणि डागाच्या वासासारखं काहीतरी शोधायच्या. सापडायचं नाही. तरी विश्वास बसायचा नाही. असे कित्येक रविवार गेले.

मग एका रविवारी तो लगेच उत्तरला नाही. हात पुसले, पाणी प्यायला.

"बसमध्ये बसलो होतो," तो म्हणाला. "त्या रस्त्याच्या बसमध्ये. वर्कशॉपमध्ये मालकाशी वाजलं होतं. डोकं तापलं होतं. काय करतोय ते कळत होतं, पण पाय गेले."

ताई पुढे सरकल्या. "मग?"

"दोन थांबे अलीकडे उतरलो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, उभा आहेस तिथून उलट्या दिशेला चालायला लाग, बोलत राहा. तासभर चाललो."

"खरं सांगतोयस?"

"खोटं सांगायचं असतं तर नाही म्हटलं असतं. दर रविवारी म्हणतो तसं."

ताईंना हंबरडा फोडावासा वाटला आणि त्याच वेळी त्याच्या कानशिलात एक ठेवून द्यावीशी वाटली. दोन्हींतलं काही केलं नाही. म्हणाल्या, "माझ्यासमोर मॅडमना फोन लाव. लाव आत्ता." त्याने लावला, आणि स्पीकर चालू केला. बाईंनी ताईंना सगळं तसंच सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात दोनाऐवजी तीन वेळा यायचं ठरलंय हेही.

तो गेल्यावर लेक बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, हे चांगलं झालं की वाईट?"

"मला नाही गं कळत," ताई म्हणाल्या. "तो बसमध्ये चढला, हे वाईट. त्याने सांगितलं, हे चांगलं. बेरीज कशी करायची ते कोणी शिकवलं नाही मला."

वर्षभराचे उपचार संपले, तरी भाऊ महिन्यातून एकदा बाईंकडे जात राहिला, आपणहून. वर्कशॉपची नोकरी टिकली. लग्नाबिग्नाचं कोणी बोललं की तो उठून जायचा. ती औषधांच्या दुकानातली मुलगी कुठेतरी दुसरीकडे गेली, असं एकदा एका गिऱ्हाइकाने सांगायला सुरुवात केली, तेव्हा ताईंनी त्याला मध्येच तोडलं. "कुठे गेली ते सांगू नका. मला ऐकायचंच नाही." गिऱ्हाईक जरा चमकलं. आपल्या कोटाची पावती घेतली आणि निघून गेलं.